मान बारीक आहे? मग फॉर्मल शर्ट घेताना आधी 'तो' आकडा समजून घ्या

शर्ट खांद्याला बरोबर बसतो, छातीलाही ठीक असतो. पण टाय लावायची म्हणून वरचं बटण लावलं, की कॉलर आणि मान यांच्यात दोन-तीन बोटं आरामात जातात. टाय आवळली तर कॉलरला चुण्या पडतात, सैल ठेवली तर शर्ट मोठ्या भावाचा वाटतो. कॅम्पस प्लेसमेंट, बँकेची मुलाखत, मित्राच्या लग्नातला सूट... हे लक्षात येतं ते नेमकं अशाच दिवशी.

दुकानात यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "स्लिम फिट घ्या." या उत्तराने प्रश्न सुटत नाही. का, ते कळायला आधी शर्टावरचा आकडा वाचता यायला हवा.

तो आकडा छातीचा नाही

फॉर्मल शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे असतात. अनेकांना वाटतं ही इंचातली छाती आहे. पण फॉर्मल शर्टांच्या बहुतेक मोठ्या ब्रँडमध्ये हा आकडा कॉलरचा असतो, तोही सेंटिमीटरमध्ये. म्हणजे ३८ नंबरचा शर्ट हा साधारण १५ इंच कॉलरचा शर्ट. गोंधळ होतो कारण कॅज्युअल शर्टांवर काही कंपन्या खरोखरच छातीचे इंच लिहितात आणि तिथेही ३८, ४० हेच आकडे येतात. त्यामुळे लेबल उलटून बघायचं. कॉलर आणि छाती अशी दोन्ही मापं अनेकदा तिथे बारीक अक्षरात दिलेली असतात.

आता स्लिम फिट. यात छाती आणि कंबर कमी केलेली असते. ३९ नंबरचा स्लिम फिट आणि ३९ नंबरचा रेग्युलर, दोन्हींची कॉलर ३९च. तुमची अडचण गळ्याची असेल, तर स्लिम फिटने पोटाजवळचं कापड तेवढं कमी होईल.

मग लहान कॉलर मिळत का नाही? साधा हिशोब आहे. दुकानदार मधले नंबर जास्त मागवतात आणि कडेचे कमी, कारण पडून राहिलेला माल कोणालाच नको असतो. १४ इंच मान असलेल्याला ३६ किंवा ३७ ची कॉलर लागते आणि बऱ्याच दुकानांत सुरुवातच ३८ किंवा ३९ पासून होते. दुसरं म्हणजे आपल्याकडचे मापांचे तक्ते बराच काळ ब्रिटन-अमेरिकेच्या मापांत थोडे फेरफार करून वापरले गेले. भारतीयांच्या शरीराची मापं घेऊन आपला तक्ता बनवावा, यासाठी २०१८ मध्ये 'इंडिया साइज' हा प्रकल्प जाहीर झाला. निफ्टकडे काम दिलं गेलं आणि मुंबईसह ६ शहरांत २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी योजना होती.

बाकी सगळं बदलता येतं, कॉलर नाही

कंबर सैल असेल तर कोपऱ्यावरचा टेलर बाजूची शिवण आत घेऊन देतो. बाही लांब असेल तर कफ काढून ती कमी करता येते. खांदा थोडा किचकट आहे, पण जमतो. कॉलरचं तसं नाही. कॉलर काढून लहान केली तरी शर्टाला गळ्यासाठी कापलेला गोल आहे तेवढाच राहतो. मोठ्या गोलावर छोटी कॉलर बसवली की खाली चुण्या येतात. एकदा कापलेलं कापड परत जोडून गोल लहान करता येत नाही. म्हणून बारीक मानेच्या माणसाने शर्ट निवडताना क्रम उलटा करायचा. आधी कॉलर, मग खांदा. पोट, कंबर सगळ्यात शेवटी.

कॉलरच्या बाबतीत एकच जुगाड चालतो, वरचं बटण सरकवणं. पण साधारण १ सेंटिमीटरपर्यंतच. त्यापुढे गेलं की कॉलरची दोन टोकं एका रेषेत राहत नाहीत आणि टायची गाठ वाकडी दिसते.

हिशोब करून बघू. मान १४ इंच, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर. श्वास घ्यायला, बोलायला सेंटिमीटरभर जागा हवी, म्हणजे साडेछत्तीस. दुकानात ३८ मिळाला. सुती शर्ट धुतल्यावर थोडा आटतो. कॉलरमध्ये बकरम असल्याने ती फार आटत नाही, अर्धा सेंटिमीटर धरा. वर बटण १ सेंटिमीटर सरकवलं की आलंच साडेछत्तीस. म्हणजे १४ इंचवाल्याला ३८ जमून जातो. ४० घेतला, तर हेच सगळं करूनही २ सेंटिमीटर जास्तीचे उरतात. साडेतेरा इंच मान असेल, तर रेडिमेडच्या मागे शनिवार-रविवार घालवण्यात अर्थ नाही. (टाय लावणारच नसाल आणि वरचं बटण उघडंच असणार असेल, तर एखादा नंबर मोठा चालतो. कोणाच्या लक्षातही येत नाही.)

मान मोजायची कशी? कंठमण्याच्या थोडं खाली, टेप मानेला नुसती टेकवून. ओढायची नाही. घरात बरोबर बसणारा एखादा शर्ट असेल तर आणखी सोपं. कॉलर उघडून सपाट ठेवा आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या मध्यापर्यंत मोजा. ऑनलाइन घेताना हा आकडा हाताशी हवा. तक्त्यात गळ्याचा रकाना नसेल, तर तो शर्ट सोडून द्या.

कपाटातला शर्टपीस बाहेर काढा

लग्नाच्या आहेरात आलेले शर्टपीस बहुतेक मराठी घरांत पडून असतात. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर साधारण १.६० मीटरमध्ये फुल शर्ट होतो. सुती कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यातून काढा, कारण शिवल्यावर आटलं तर दोष कोणाचा यावर वाद होतो.

टेलरकडे जाताना गोल गळ्याचा टी-शर्ट घालून जा. अंगात कॉलरचा शर्ट असेल आणि टेप त्यावरूनच फिरली, तर माप वाढतं आणि घरी तोच जुना प्रश्न येतो. "एक बोट जागा ठेवा" एवढं स्पष्ट सांगा. मान बारीक आणि लांबही असेल, तर कॉलरची पट्टी थोडी उंच मागा. टोकं मात्र फार लांब नकोत, त्याने मान आणखी बारीक दिसते. आणि चार शर्टपीस एकदम देऊ नका. एक शिवून घ्या, दोनदा धुवा, टाय लावून बघा, मग उरलेले तीन त्याच मापाने टाका.