चपटा स्पीकर उघडण्यापूर्वी

नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदी कोन आणि लाकडी खोकं असतं. प्लेनर स्पीकरमध्ये आवाज काढतो तो ताणलेला पातळ पडदा. अमेरिकेतल्या मॅग्नेपॅन कंपनीच्या स्पीकरमध्ये मायलरच्या पडद्यावर तार चिकटवलेली असते, शेजारी चुंबकाच्या पट्ट्या. तारेतून गाण्याचा प्रवाह गेला की पडदा थरथरतो. दहावीला आपण शिकवतो तोच फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम!

वर्षानुवर्षांनी गोंद सुटतो, तार खरखरते. कापड उतरवून ती पुन्हा चिकटवणं घरी जमतं, फक्त घाई नको. पण आधी फुकटातली सुधारणा करून बघा. हा स्पीकर मागच्या बाजूनेही तेवढाच वाजतो, म्हणून तो भिंतीपासून मीटरभर पुढे ओढा. डुगडुगत असेल तर जड स्टँड लावा.

आता महत्त्वाचं. १९५७ चा क्वाड ईएसएल हाही चपटाच, पण इलेक्ट्रोस्टॅटिक. त्याच्या आत काही हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही भार काही वेळ टिकतो. मुलं हौसेने स्क्रू काढायला बसतील, तेव्हा आधी मागे बघा. स्पीकरची स्वतःची वायर भिंतीतल्या सॉकेटला जात असेल, तर तो उघडायचा नाही. जाणकार मेकॅनिककडेच द्यायचा.