पट्टेवाला डास आणि कोरडा रविवार

दोस्तांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालू?

अंग काळं, पायांत पांढरे वाळे,
उजेडात चोरी, रात्री झोप पाळे,
गटाराचं पाणी याला चालत नाही,
तुमच्याआमच्या घरापासून लांब जात नाही.
ओळखा पाहू कोण?

आलं ना उत्तर? बरोबर! हा आहे ‘एडिस एजिप्ती’ नावाचा डास. ‘एडिस’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ ‘नकोसा’. नाव अगदी शोभून दिसतं नाही? डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका या तिन्ही रोगांचे विषाणू हाच नकोसा पाहुणा एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पोचवतो.

आजींचं लख्ख घर

पावसाळ्यातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. मुलुंडची एखादी सोसायटी. दाराची बेल वाजते. दारात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे काका उभे असतात. हातात टॉर्च.

“आजी, घरात पाणी कुठं कुठं साठलंय ते जरा बघू द्या.”

“अरे बाळा, आमचं घर बघ, कसं लख्ख आहे! डास शोधायचेत तर त्या मागच्या नाल्यावर जा की.”

काका हसतात. स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजच्या मागचा छोटा ट्रे अलगद ओढतात आणि त्यावर टॉर्च मारतात. “या आजी, तुम्हीच बघा.”

ट्रेमध्ये बोटभर पाणी. त्यात बारीक दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळ करत खाली-वर जाताहेत! आजी कपाळावर हात मारून घेतात.

असा प्रसंग अंधेरीच्या टॉवरमध्येही घडू शकतो आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीतही. आजींचं काही चुकलं का? नाही. नाल्यावर डास असतात हे खरंच आहे. पण ते बहुतेक वेगळे, ‘क्युलेक्स’ जातीचे. त्यांना घाण पाणी चालतं आणि ते रात्री चावतात. मलेरियाचा ‘ॲनॉफिलीस’ आणखी वेगळा. मुंबईत तो विहिरी आणि उघड्या टाक्यांमध्ये वाढतो आणि तोही रात्रीचाच चोर. आपला पट्टेवाला मात्र दिवसा चावतो. सकाळी आणि संध्याकाळी ऊन उतरताना त्याला जास्त जोर असतो. त्याला हवं असतं ते स्वच्छ, साठलेलं पाणी. ते आपण त्याला घरपोच देतो!

पिंपाच्या काठावरची अंडी

चावते ती फक्त मादी. अंडी तयार व्हायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि हुशारी अशी, की सगळी एका जागी घालत नाही. थोडी कुंडीखालच्या ताटलीत, थोडी पिंपात, थोडी गच्चीवरच्या टायरमध्ये. एक जागा सापडली, तरी बाकीची पिल्लावळ सुखरूप!

अंडी ती पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी वर चढलं, की अंडी भिजतात आणि अळ्या बाहेर येतात. अळीचा कोष होतो, कोषातून डास उडतो. मुंबईच्या उबदार हवेत या सगळ्याला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच चिकटून राहतात. म्हणजे मागच्या ऑक्टोबरात तुम्ही बादलीतलं पाणी ओतून दिलंत आणि बादली गच्चीवर पालथी घातलीत. यंदाच्या जूनमध्ये ती कुणीतरी उलटी केली, पावसाचं पाणी भरलं, की जुनी अंडी जागी! म्हणून नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. भांडं आतून काथ्यानं किंवा ब्रशनं खसाखसा घासावं लागतं.

आणखी एक गंमत. हा डास फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा जिथं जन्मतो त्याच्या शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच घरातला, तुमच्याच इमारतीतला किंवा शेजारच्या इमारतीतला असतो.

साखळी कशी तयार होते?

समजा, तुमच्या मजल्यावरच्या एका ताईला डेंग्यूचा ताप आलाय. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत तिच्या रक्तात विषाणू भरपूर असतात. तेव्हा तिला एडिसची मादी चावली, की रक्ताबरोबर विषाणूही डासाच्या पोटात जातात. तिथं ते वाढतात आणि साधारण आठ-बारा दिवसांनी त्याच्या लाळेत पोचतात. त्यानंतर तो डास जिवंत असेपर्यंत ज्याला ज्याला चावेल, त्याला विषाणू देऊ शकतो. जरा हात हलवला, की ही मादी उडून दुसऱ्याला चावते. त्यामुळे एकाच जेवणात ती घरातल्या दोघा-तिघांना गाठू शकते! चावल्यापासून चार ते दहा दिवसांत ताप येतो.

ताईच्या शेजारी बसल्यानं, तिच्या ताटात जेवल्यानं डेंग्यू होत नाही. म्हणून आजारी माणसाला वाळीत टाकू नका. मात्र त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. डास त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, तर साखळी तिथंच तुटते.

पनामातल्या पाण्याच्या वाट्या

आता तुम्हाला लांबची एक गोष्ट सांगतो. १८८१ साली फ्रेंचांनी मध्य अमेरिकेत पनामा कालवा खणायला घेतला. पीतज्वर आणि मलेरियानं हजारो कामगार दगावले. पीतज्वर पसरवणारा डास कोणता? हाच आपला एडिस! तेव्हा हे कुणालाच पटलेलं नव्हतं. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच डासांवर बोट ठेवलं होतं, पण लोकांनी त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं.

आणि दवाखान्यात काय चाललं होतं? मुंग्या चढू नयेत म्हणून रुग्णांच्या खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते! मुंग्या थांबल्या, पण त्याच पाण्यात डास वाढले आणि एका रुग्णाचा रोग दुसऱ्याला देत सुटले. पुढं १९०० साली वॉल्टर रीड यांच्या तुकडीनं फिनले यांचं म्हणणं खरं ठरवलं. मग अमेरिकन डॉक्टर गोर्गस यांनी पनामात घरोघरी पाण्याची भांडी झाकली, साचलेलं पाणी काढलं. पनामा शहरातला पीतज्वर १९०५ अखेर थांबला आणि १९१४ साली कालवा खुला झाला.

आता आजीला विचारा, पूर्वी कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे ना? काही घरांत अजून असतील. एकदा वाकून बघा!

आपल्याकडचा इतिहास

चिकुनगुन्या हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं. त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. सांधे इतके दुखतात, की माणूस वाकून चालतो. १९५२-५३ मध्ये तो आजच्या टांझानियात पहिल्यांदा ओळखला गेला. भारतात १९६३ साली कोलकात्यात त्याची साथ आली. १९७३ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्यानं लोकांना हैराण केलं. मग हा पाहुणा जवळजवळ तीस वर्षं गायब! सगळे त्याला विसरले. २००५ च्या सुमारास तो परतला आणि २००६ या एका वर्षात देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. विसरलेला शत्रू संपलेला नसतो, तो असा.

या विषाणूंचा अभ्यास आपल्या पुण्यात चालतो. १९५२ साली तिथं सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला, तो याच संस्थेच्या तपासणीतून.

डेंग्यूनं १९९६ मध्ये दिल्लीत दहा हजारांवर लोकांना आजारी पाडलं. चारशेवर माणसं गेली. आणि मुंबईकरांना धक्का बसला तो २१ ऑक्टोबर २०१२ रोजी. प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा डेंग्यूनं गेले. डास बंगला बघत नाही आणि झोपडीही बघत नाही. पाणी बघतो!

धूर आला, काम झालं?

गल्लीत धुराचं मशीन फटफटत आलं, की आपण म्हणतो, “चला, डास मेले.” पण धुरानं फक्त उडणारे डास मरतात, तेही धूर पोचेल तिथले. आपला पट्टेवाला पडद्यामागं, खाटेखाली, कपाटातल्या कपड्यांत दडून बसतो. आणि अळ्यांना तर धुराचा पत्ताही नसतो. चार दिवसांनी नवे डास हजर!

खरा उपाय साधा आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, हे आठवतंय ना? मग दर सात दिवसांनी साठलेलं पाणी काढलं, तर अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही. यालाच म्हणतात ‘कोरडा दिवस’. दिवस कोणताही चालेल, पण दर आठवड्याला तोच. आपण रविवार धरू या, शाळेला सुट्टी असते!

काही घरांत नळाला तास-दोन तासच पाणी येतं. पिंप भरून ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस जाणार कसा? त्यांना नावं ठेवू नका. पिंप भरणं चूक नाही. ते उघडं ठेवणं आणि आठवडाभर न घासणं, तेवढं टाळायचं. पिंपावर जुन्या सुती साडीचं दुपदरी कापड ताणून दोरीनं घट्ट बांधा. शेजारच्या आजोबांना जड पिंप रिकामं करणं जमत नसेल, तर दोघा-तिघांनी मिळून मदत करा.

रविवारची शोधमोहीम

एक वही घ्या, एक टॉर्च घ्या. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, गच्चीवर एकटं जाऊ नका. मग तपासा:

– फ्रीजमागचा ट्रे, एसीचं पाणी पडतं ती बादली
– फुलदाणी, पाण्यातला मनीप्लांट, शोभेचा बांबू
– कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी
– पिंपं, बादल्या, न वापरला जाणारा कमोड
– गच्चीवरच्या टाकीचं झाकण, टायर, डबे, थर्माकोल
– पावसासाठी घातलेल्या ताडपत्रीच्या घड्या
– आवारातली शहाळी, करवंट्या, प्लॅस्टिकचे पेले

पाणी मातीत किंवा फरशीवर ओता. टाकीत परत नको! भांडं घासा, वाळवा. अळ्या सापडल्या तर वहीत जागा आणि तारीख लिहा. महिन्यानं वही उघडा. कोणती जागा पुन्हा पुन्हा येते? तिथंच खरी गडबड आहे. शेजारी पुनर्बांधणीचं काम चालू असेल आणि खड्ड्यात पाणी साठलं असेल, तर आत शिरू नका. बाबांना किंवा सोसायटीच्या सेक्रेटरींना पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कळवायला सांगा.

हे आई-बाबांनी जरूर वाचावं

अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ ही लक्षणं दिसली, तर डॉक्टरांकडे जा. रक्त कधी आणि कोणतं तपासायचं हे ते सांगतील. तापासाठी डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून मुळीच देऊ नका, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, सरबत, पेज, ओआरएस भरपूर पाजा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ताप उतरला म्हणजे आजार गेला, असं समजू नका. धोक्याचे दिवस बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल सुस्त किंवा बेचैन होणं, यातलं एकही दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठा.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, असं नाही. उलट दुसऱ्या प्रकारानं गाठलं, तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. चारही प्रकारांवर चालेल अशा लसीची मोठी चाचणी भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. पण लस असो वा नसो, ट्रे घासायचा कंटाळा परवडणारा नाही.

तर दोस्तांनो, खाटेखाली वाकायला, कुंडीमागं डोकवायला तुमच्याइतकं चपळ घरात कोण आहे? तुमच्या गॅलरीतली ताटली कोरडी झाली, तर फायदा फक्त तुमचा नाही. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ, खालचे वॉचमनकाका, शेजारच्या आजी, सगळ्यांच्याच वाट्याचा एक-एक डास कमी होतो.

मग येत्या रविवारी क्रिकेटला जाण्याआधी दहा मिनिटं! टॉर्च घेतला का हातात?