अग्निसंरक्षण विषयातील असोसिएट पदवीचे आर्थिक मूल्य (अमेरिका)

अग्निसंरक्षण विषयातील असोसिएट पदवी ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कम्युनिटी कॉलेजांतून दिली जाणारी पदवी असून ती साधारणपणे ६० श्रेयांकांची व दोन वर्षांची असते. अग्निशामक दलात भरती होऊ इच्छिणारे तरुण आणि आधीपासून दलात असलेले जवान असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी ती घेतात. या दोन गटांसाठी तिचे आर्थिक मूल्य बरेच वेगळे ठरते.

स्वरूप

ज्वलनाचे शास्त्र, इमारतींची बांधणी, आगप्रतिबंध, स्प्रिंकलर व इशारा यंत्रणा आणि जवानांची सुरक्षितता हे अभ्यासक्रमातील नेहमीचे विषय होत. एमिट्सबर्ग (मेरीलँड) येथील राष्ट्रीय अग्निशमन अकादमीच्या पुढाकाराने तयार झालेला नमुना अभ्यासक्रम अनेक महाविद्यालये वापरतात. ही पदवी अग्निसंरक्षण अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीहून भिन्न आहे. अभियांत्रिकीचा तो विभाग मेरीलँड विद्यापीठात १९५६ पासून आहे. नावांच्या साधर्म्यामुळे या दोहोंच्या वेतनाची तुलना केली जाते; ती दिशाभूल करणारी आहे.

खर्च

कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये सार्वजनिक दोन वर्षीय महाविद्यालयांतील स्थानिक विद्यार्थ्याचे सरासरी वार्षिक शुल्क ३,९९० डॉलर होते. कॅलिफोर्नियात राज्यातील रहिवाशांना प्रति श्रेयांक ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० श्रेयांकांचे २,७६० डॉलर. त्याच वर्षी संघराज्य सरकारच्या पेल अनुदानाची कमाल वार्षिक मर्यादा ७,३९५ डॉलर होती. त्यामुळे अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्याचे शुल्क अनुदानातूनच भागू शकते. पुस्तके, प्रवास व राहण्याचा खर्च मात्र वेगळा असतो. तरीही या पदवीची खरी किंमत शुल्कात नसून तिच्यासाठी लागणाऱ्या वेळात आहे.

भरतीतील स्थान

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने अग्निशामक जवानाच्या नोकरीसाठी पदवी ही सर्वसाधारण पात्रता मानलेली नाही. शालेय शिक्षणानंतरचे पदवीहून कमी दर्जाचे प्रशिक्षण पुरेसे धरले आहे. मे २०२३ मध्ये या जवानांचे मध्यक वार्षिक वेतन ५७,१२० डॉलर होते. निवडीत लेखी परीक्षा, शारीरिक क्षमता चाचणी, मुलाखत व वैद्यकीय तपासणी यांचा भर असतो. अनेक शहरांत आपत्कालीन वैद्यकीय साहाय्यकाचा परवाना पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडतो. भरतीनंतरचे प्रशिक्षण तर बहुतेक मोठी दले वेतन देऊनच पूर्ण करून घेतात.

दुसरी अडचण नोकऱ्यांच्या संख्येची आहे. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये देशात १०,४१,२०० अग्निशामक जवान होते. त्यांपैकी केवळ ३,६४,३०० वेतनी आणि उरलेले स्वयंसेवक होते. लहान गावांची आगीपासूनची राखण प्रामुख्याने स्वयंसेवकच करतात. अशा ठिकाणी पदवी मिळाली तरी पगारी जागाच नसते, आणि स्थलांतराची तयारी नसलेल्या विद्यार्थ्याने हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहणे आवश्यक ठरते.

वेळेची किंमत

काही दले पदवीधर जवानास शिक्षणभत्ता देतात. तो दरमहा १०० डॉलर आहे असे समजल्यास २५ वर्षांत ३०,००० डॉलर होतात. आता एखाद्या उमेदवारास आजच ४५,००० डॉलरची जागा मिळत असून केवळ पदवीसाठी तो एक वर्ष थांबला, तर त्या एका वर्षाचा तोटा संपूर्ण कारकिर्दीतील भत्त्याहून मोठा ठरू शकतो. शिवाय सेवाज्येष्ठताही एका वर्षाने मागे पडते. मात्र उमेदवाराचे वय भरतीच्या किमान मर्यादेखाली असेल किंवा निवड यादीत प्रतीक्षाच करावी लागणार असेल, तर तो काळ शिक्षणात घालविल्याने फारसे काही गमवावे लागत नाही.

सेवेत असलेल्या जवानाचा हिशेब वेगळा असतो. चोवीस तासांच्या पाळीनंतर मिळणारी सलग सुटी, ऑनलाइन वर्ग, काही दलांकडून होणारी शुल्काची प्रतिपूर्ती आणि प्रशिक्षणाबद्दल महाविद्यालयाने दिलेले श्रेयांक यांमुळे त्याला उत्पन्न न गमावता पदवी घेता येते. कॅप्टन वा बटालियन चीफ या पदांसाठी अनेक दले पदवी मागतात किंवा तिला गुण देतात. पदोन्नतीचा लाभ चालू वेतनापुरता राहत नाही: निवृत्तिवेतन बहुधा सेवेची वर्षे व अखेरच्या काळातील सरासरी वेतन यांवरून ठरत असल्याने तो निवृत्तीनंतरही मिळत राहतो.

दलाबाहेरील उपयोग

दुखापतीमुळे किंवा वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यामुळे ज्यांना प्रत्यक्ष अग्निशमन करता येत नाही, त्यांना या पदवीचा आधार अधिक वाटतो. इमारत तपासणी, विमा कंपन्यांसाठी जोखीम पाहणी, तसेच स्प्रिंकलर व इशारा यंत्रणांचे आराखडे आणि देखभाल ही कामे त्यांना करता येतात. यंत्रणांच्या क्षेत्रात १९६१ साली स्थापन झालेल्या नायसेट या संस्थेच्या चार स्तरांच्या प्रमाणपत्रांना महत्त्व आहे. त्यांसाठी परीक्षेबरोबर कामाचा अनुभवही लागतो, नुसती पदवी पुरत नाही.

पुढे चार वर्षांची पदवी घ्यावयाची असल्यास असोसिएट पदवीचा प्रकार पाहावा लागतो. उपयोजित विज्ञानातील असोसिएट पदवीचे सर्व श्रेयांक प्रत्येक विद्यापीठ स्वीकारतेच असे नाही, आणि न स्वीकारलेल्या श्रेयांकांचे शुल्क व वेळ विद्यार्थ्याला पुन्हा खर्च करावे लागतात.