ओलसर कोपऱ्यात लावा लव्हाळा, पण मोकळा सोडू नका!

बमरोली (सुरत) : खानदेशात कपाशीच्या निंदणीत ज्याच्या नावाने बोटे मोडली, तोच लव्हाळा दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. गुजराती शेजारी त्याला चीढो म्हणतात. सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो घरीच लावता येतो. टाकीखाली किंवा नळाजवळ जिथे कायम ओल राहते आणि तुळस-मोगरा सडतो, तिथे लव्हाळा खुशाल वाढतो. फक्त जागेला ऊन हवे. सावलीत तो मरगळतो.

ओळखायचा कसा?
लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. फुलाचा दांडा बोटांत फिरवून बघा. तो तीनधारी, भरीव आणि बिनगाठीचा लागतो. गवताचा दांडा बहुधा गोल असतो आणि त्याला पेरे असतात. जमिनीत काळपट गाठी असतात. चुरडल्या की सुगंध येतो, तोच नागरमोथा.

लावायचा कसा?
जुनी बादली किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या. तळाला छोटी भोके पाडा आणि खाली फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे मुळे जमिनीत उतरणार नाहीत. माती आणि शेणखत भरून पावसाळ्याच्या तोंडावर चार-पाच गाठी दोन बोटे खोल लावा. माती ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. डास झाले तर बाग नको म्हणायची वेळ येते.

डबा का हवा?
एका गाठीतून जमिनीखाली धागा निघतो, त्याला दुसरी गाठ, मग तिसरी, अशी माळच तयार होते. वरून उपटले तर पाने हातात येतात, गाठी खालीच राहतात. नांगरल्याने त्या सुट्या होऊन उलट पसरतात. म्हणूनच जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. डब्यातली माती शेतात किंवा शेजाऱ्याच्या वाफ्यात कधीच टाकू नका.

सर्वांत महत्त्वाचे
हा पट्टा रंगाई-छपाईच्या कारखान्यांना लागून आहे. नाल्याकाठी आपोआप उगवलेला लव्हाळा कितीही टवटवीत दिसला तरी उपटून घरी आणू नका. दूषित मातीतले जड धातू तो मुळा-गाठींत साठवू शकतो. तेच उटणे लेकरांच्या अंगाला लागले तर फायदा राहिला बाजूला. लावायच्या गाठी स्वच्छ शेतातल्याच आणा. गावाकडून येताना मूठभर आणल्या तरी पुरे. माती आणि पाणीही स्वच्छच वापरा.

काढणी
पावसाळा संपून पाने पिवळी पडली की गाठी काढा. धुवा, केसाळ मुळे साफ करा, कडक उन्हात वाळवा आणि कुटून वस्त्रगाळ करा. पहिल्यांदा मनगटावर थोडे लावून बघा. पोटात घ्यायचे असेल तर आधी वैद्यांना विचारा.