नाक-कान-घसा : नाकाचा जाड शेंडा

मागच्या आठवड्यात आपण नाकाचा वाकडा पडदा पाहिला. आज नाकाच्या शेंड्याविषयी. लग्नाचं वय झालेल्या मुलींना ‘शेंडा जाड आहे’ हे पारशिवनीसारख्या गावात बहुतेक वेळा घरच्याच माणसांकडून ऐकावं लागतं. मग नागपूरच्या डॉक्टरचा पत्ता विचारला जातो. पत्ता जरूर घ्यावा, पण शेंडा कशामुळे मोठा आहे हे आधी कळायला हवं. कारण बदललं की उपचारही बदलतो.

शेंड्यात हाड नसतं. दोन नाकपुड्यांवर कमानीसारख्या वळलेल्या दोन कूर्चा असतात, ज्यांना लोक नरम हाड म्हणतात. या कमानी रुंद असल्या किंवा एकमेकींपासून दूर असल्या की शेंडा गोल दिसतो. काहींची कूर्चा ठीक असते, पण वरची कातडी जाड आणि तेलकट असते. ही दोन्ही कारणं जन्मजात ठेवणीची आहेत. त्यांना आजार म्हणू नये आणि त्यावरून मुलीला कमी लेखू नये.

आजाराची गोष्ट वेगळी. चाळिशी-पन्नाशीनंतर, बहुधा पुरुषांत, कातडीतल्या तेलग्रंथी वाढून शेंडा लाल, खडबडीत आणि गाठाळ होतो. याला रायनोफायमा म्हणतात. दारूमुळेच तो होतो हा समज चुकीचा आहे. निर्व्यसनी माणसालाही तो होतो. वाढलेला थर पात्यानं किंवा लेझरनं तासतात आणि खोल उरलेल्या ग्रंथींपासून नवी कातडी येते. तासलेला तुकडा तपासणीला पाठवायलाच हवा, कारण अशा गाठींत क्वचित कर्करोग लपलेला असतो.

पूर्व विदर्भात आणखी एक आजार विसरून चालत नाही, तो म्हणजे कुष्ठरोग. नाकाची कातडी जाड होणं, सोबत कानाच्या पाळ्या सुजणं, भुवया विरळ होणं, नाक चोंदणं, त्यातून रक्त येणं ही त्याची लक्षणं असू शकतात. यावरची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग बरा होतो. अशा नाकावर आधी सुरी चालवणं म्हणजे रोग्याचं नुकसान करणं.

ठेवणीच्या शेंड्याची शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावरच करतात, मुलींत साधारण सोळाव्या वर्षानंतर आणि मुलांत आणखी थोडं उशिरा. दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर बारीक छेद देऊन कातडी वर उचलतात, कूर्चेची वरची कड थोडी कापतात आणि दोन्ही कमानी टाक्यांनी जवळ आणतात. आधार कमी पडला तर पडद्याची किंवा कानाची कूर्चा बसवतात. खरं कौशल्य किती ठेवायचं यात आहे. कूर्चा जास्त कापली की नाकपुडी आत ओढली जाते आणि श्वास अडतो. जाड कातडीत तर नुसतं कापून भागत नाही. आतला सांगाडा भक्कम केला तरच शेंड्याला आकार येतो. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. खर्रा, तंबाखू, बिडी आधीपासून बंद हवी, कारण निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम नीट भरत नाही.

नाक घडवण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं. ते वृत्त 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं आणि त्यावरून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदानं 1814 मध्ये तीच रीत वापरली. कर्करोगामुळे शेंडा काढावा लागला तर आजही कपाळाचीच कातडी घेतात. आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरी विभाग उभा केला, त्यामुळे या कामासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही.

आणि मोबाईलच्या सेल्फीवरून काहीही ठरवू नका. एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षाहून बरंच रुंद येतं. पाच फुटांवरून दुसऱ्याकडून फोटो काढून घ्या. नाक अलीकडे वाढत असेल, गाठ येत असेल किंवा रक्त येत असेल, तर मात्र फोटोत वेळ न घालवता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.