कबुतराला घरची वाट कोण सांगतं?

समजा, तुम्ही दिंद्रुडला राहता. सुट्टीत परळीला मामाकडे गेलात आणि येताना मामाने आपल्या ढाबळीतलं एक छानसं राखी कबूतर तुम्हाला दिलं. (ढाबळ म्हणजे पाळीव कबुतरांचं घर.) करंडीवर फडकं बांधून तुम्ही ते एसटीने घरी आणलंत. साऱ्या रस्त्यात बिचाऱ्याला बाहेरचं काही म्हणजे काही दिसलं नाही. घरी दोन दिवस ज्वारी टाकलीत, पाणी ठेवलंत. तिसऱ्या दिवशी वाटलं, झालं आता हे आपलं! म्हणून माळवदावर नेऊन करंडी उघडलीत. कबुतराने डोक्यावर दोन घिरट्या घेतल्या आणि ते दिसेनासं झालं. संध्याकाळी मामाचा फोन : "अरे, तुझं कबूतर इथं येऊन दाणे टिपतंय की!"

राग येईल ना? पण त्यात कबुतराचा काय दोष? त्याच्या दृष्टीने ते पळून गेलं नाही, घरी गेलं. जिथं ते लहानाचं मोठं झालं ती ढाबळच त्याचं घर. प्रश्न वेगळाच आहे. फडक्याखाली बसून आलेल्या त्या पाखराला परळी कुठं आहे हे कळलं कसं?

दोन गोष्टी : दिशा आणि वाट

तुम्ही आजोबांना शेताचा पत्ता विचारून बघा. ते म्हणतील, "गावाच्या उगवतीला जा. मारुतीचा पार लागंल, मग ओढा. ओढा ओलांडला की चिंचेपासून डाव्या हाताला वळ." यात दोन गोष्टी आल्या. 'उगवतीला' ही झाली दिशा. पार, ओढा आणि चिंच या झाल्या वाटेवरच्या खुणा. कबूतरही घरी पोचतं ते याच दोन गोष्टींच्या जोरावर.

आधी दिशेचं पाहू. कबूतर सूर्याकडून दिशा ओळखतं. पण सूर्य तर दिवसभर सरकत असतो! म्हणून सूर्य बघताना 'आत्ता किती वाजले' हेही ठाऊक लागतं. कबुतराच्या शरीरातच एक घड्याळ चालू असतं. शास्त्रज्ञांनी काही कबुतरं बंद खोलीत ठेवली आणि दिव्यांच्या उजेडाने त्यांचे दिवसरात्र सहा तासांनी पुढेमागे केले. मग त्यांना मोकळं सोडलं, तर ती घराच्या दिशेपासून जवळजवळ काटकोनात भरकटली. घड्याळ चुकलं, दिशा चुकली!

मग आभाळ भरून आल्यावर काय? अमेरिकेतले विल्यम कीटन यांनी 1971 मध्ये कबुतरांना छोटे लोहचुंबक बांधून सोडलं. ऊन असताना त्यांचं फारसं बिघडलं नाही, पण ढगाळ दिवशी ती गोंधळली. म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्वही त्यांना जाणवत असलं पाहिजे. इटलीतले फ्लोरिआनो पापी यांनी 1972 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. वास घेता न येणारी कबुतरं अनोळखी जागेवरून सोडली, तर बहुतेक हरवतात. वाऱ्यावरून येणाऱ्या वासांचा त्यांना उपयोग होतो. नेमका कसा, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालूच आहेत.

दुधी काचेचा चश्मा

मग डोळ्यांचं काम काय? याचं उत्तर एका गमतीच्या प्रयोगात मिळालं. 1972 मध्ये श्मिट-कोनिग आणि श्लिख्टे या दोघांनी कबुतरांच्या डोळ्यांवर दुधी काचेसारख्या धूसर भिंगा बसवल्या. उजेड दिसायचा, पण पलीकडचं झाड, घर, डोंगर काहीच नाही. ही कबुतरं दूर नेऊन सोडली. आश्चर्य म्हणजे त्यातली बरीचशी आपल्या ढाबळीच्या आसपास, काही किलोमीटरांवर येऊन पोचली! पण पुढे मात्र अडलं. घर शोधता येईना.

बघा, दिशेने गावाजवळ आणून सोडलं, पण दारापर्यंत न्यायला डोळेच हवेत.

पाठीवरचं यंत्र

पूर्वी एक अडचण होती. कबूतर कुठून निघालं आणि कधी पोचलं एवढंच कळायचं. मधल्या आभाळात त्याने काय केलं हे कुणाला ठाऊक? पुढे उपग्रहांच्या मदतीने जागा सांगणारं जीपीएस यंत्र इतकं लहान झालं, की कबुतराच्या पाठीवर बसू लागलं. मग त्याच्या प्रवासाची रेघच नकाशावर उमटायला लागली.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे टिम गिल्फर्ड, डोरा बिरो आणि त्यांच्या सोबत्यांनी 2004 मध्ये आपले निष्कर्ष मांडले. एकाच जागेवरून तीच तीच कबुतरं पुन्हा पुन्हा सोडली, तर प्रत्येक कबूतर स्वतःची एक वाट ठरवून टाकतं. ही वाट सगळ्यांत जवळची असतेच असं नाही. शेजारच्या कबुतराची वाट वेगळी, याची वेगळी. मुद्दाम वाटेच्या बाजूला नेऊन सोडलं, तरी पुष्कळदा ते आधी आपल्या नेहमीच्या वाटेवर येतं आणि मग त्याच वाटेने घर गाठतं. अगदी आपल्यासारखं! शाळेत जाताना तुम्ही एका बोळातून जाता, मित्र दुसऱ्या बोळातून. दोघेही म्हणता, माझाच रस्ता बरा.

त्याच वर्षी इटलीत रोमजवळचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. तिथं कबुतरं चक्क महामार्गाच्या वरून उडत होती आणि रस्त्याला फाटा फुटतो त्या जागी वळत होती. रस्ता, रेल्वेचे रूळ, नदी, रानाची कड अशा लांबलचक रेघा त्यांना सोयीच्या वाटतात. रेघ धरली की डोक्याला ताप कमी.

परळी ते दिंद्रुड, आभाळातून

आता समजा, तुमच्या दिंद्रुडच्या ढाबळीतच जन्मलेलं कबूतर तुम्ही परळीला नेऊन सोडलंत. घर वायव्येला आहे हे सूर्य सांगेल. खाली बघितलं तर परळीच्या वीज केंद्राची उंच धुराडी दिसतील. ही खूण लांबूनही चुकायची नाही. एका बाजूला बालाघाटचे डोंगर. खाली रेल्वेचे रूळ आणि डांबरी रस्ता. पण सांभाळा! परभणीकडे जाणाऱ्या रुळांच्या नादाला लागलं, तर स्वारी गंगाखेडला पोचायची. सिरसाळ्याकडे जाणारा रस्ता धरला, तर तो थेट दिंद्रुडला आणतो. आणि नजर चुकवून पुढे गेलं, तर माजलगावच्या धरणाचं पाणी चमकताना दिसेल. मग समजायचं, घर मागे राहिलं!

चांगल्या जातीचं कबूतर ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने उडतं. म्हणजे हा सगळा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा.

खुणा लक्षात राहायला जमीनही कशी हवी, याचाही अभ्यास झाला. 2014 मध्ये ऑक्सफर्डच्याच गटाने दाखवलं, की जमीन अगदी सपाट, एकसारखी असेल तर कबुतरांना वाट नीट पाठ होत नाही. दाटीवाटीचा, गिचमिड भाग असेल तरीही नाही. मधलं काहीतरी हवं. थोडं रान, थोडे बांध, एखादी वस्ती. नुसत्या उसाच्या फडांत आपणही वाट चुकतोच की!

पहिली खेप महत्त्वाची

म्हणून अनुभवी कबूतरवाले पिल्लाला एकदम लांब सोडत नाहीत. आधी ते ढाबळीभोवतीच उडतं. मग एक-दोन किलोमीटरवरून, मग पाच, मग दहा असं हळूहळू अंतर वाढवतात. ही पायरी गाळली तर पाखरू हरवतं. कधी ससाण्याच्या तावडीत सापडतं, कधी पतंगाच्या मांजात अडकतं, कधी उपाशी फिरत राहतं. दिशेची जाण त्याला उपजत असते. वाट मात्र शिकावी लागते.

अशी शिकवून तयार केलेली कबुतरं काय करू शकतात, हे ओडिशाच्या पोलिसांनी दाखवलं. तिथं 1946 मध्ये सैन्याकडून मिळालेल्या कबुतरांवर पोलिसांची कबूतर-टपाल सेवा सुरू झाली. 1948 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप पाठवला, तोही कबुतराच्या पायाला बांधून! 1999 च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्या, फोन बंद पडले, तेव्हाही ही कबुतरं कामाला आली. पुढे काही वर्षांनी टपालाचं काम थांबलं.

आणि एकदा शिकलेली वाट कबूतर सहजासहजी विसरत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांपूर्वीच्या जुन्या जागेवरून कबुतरं पुन्हा सोडली होती. त्यातल्या काहींना आपली जुनी वाट बऱ्यापैकी आठवत होती. मधल्या काळात त्या वाटेने ती उडालीच नव्हती!

तेव्हा मामाने दिलेलं कबूतर परत गेलं तर रुसू नका. त्याची पिल्लं मागा. ती तुमच्या माळवदावर वाढतील, तर दिंद्रुडलाच घर म्हणतील.

करून पाहा

एक कोरा कागद घ्या. डोळे मिटून घर ते शाळा ही वाट आठवा आणि त्यावरच्या दहा खुणा आठवतील तशा काढा. मित्रालाही काढायला सांगा. दोघांच्या खुणा ताडून बघा. किती सारख्या निघाल्या? मग उद्या शाळेत जाताना बघा, रोज समोर असूनही तुमच्या कागदावर न आलेली खूण कोणती? ती कदाचित वरून उडणाऱ्या एखाद्या कबुतराला पाठ असेल!