रस्ता वाचता येतो का?

बालमित्रांनो, एक गंमत करून बघा. नववी-दहावीतल्या चार मुलांना गाठा आणि विचारा, “काय रे, गाडी चालवता येते का?” तिघे तरी छाती फुगवून सांगतील, “हो! त्यात काय रे भो! चावी फिरवायची, ऍक्सिलरेटर पिळायचा, सुटली गाडी!”

आता दुसरा प्रश्न विचारा, “रस्ता वाचता येतो का?”

इथे मात्र सगळे एकमेकांची तोंडे बघू लागतील. रस्ता काय पुस्तक आहे वाचायला? आहे ना! रस्त्यावर पाट्या आहेत, रेघा आहेत, दिवे आहेत. त्यांची मिळून एक भाषा होते. तिला मराठी, हिंदी, अहिराणी असा भेद नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही ती वाचता यावी, म्हणून तर तिच्यात अक्षरे कमी आणि चित्रे जास्त. आणि ही भाषा फक्त गाडी चालवणाऱ्यांची नाही बरं का! पायी शाळेत जाणाऱ्याला आणि सायकल मारत क्लासला जाणाऱ्यालाही ती यायलाच हवी.

आधी आकार, मग चित्र

पाटी दुरून दिसते तेव्हा तिच्यावरचे चित्र कळत नाही, पण आकार कळतो. म्हणून आकार आधी पाठ करा. मुख्य आकार तीनच आहेत.

गोल पाटी म्हणजे हुकूम. लाल कडेचा गोल म्हणजे ‘हे करू नका’ किंवा ‘यापेक्षा जास्त नको’. त्यात ४० लिहिलेले असेल तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही. भोंग्यावर तिरपी रेघ असेल तर हॉर्न वाजवायचा नाही. निळा गोल मात्र ‘हे कराच’ असे सांगतो. निळ्या गोलात डावीकडे बाण असेल तर डावीकडेच वळायचे.

त्रिकोणी पाटी म्हणजे सावधगिरीची सूचना. ती हुकूम सोडत नाही, आजीसारखी काळजी करते. ‘पुढे वळण आहे हं’, ‘पूल अरुंद आहे’, ‘शाळा आहे, मुलं आडवी येतील’.

चौकोनी पाटी माहिती देते. निळ्या चौकोनात दवाखाना, पेट्रोल पंप, वाहनतळ यांची चित्रे असतात, तर महामार्गावर हिरव्या पाटीवर गावांची नावे आणि अंतरे.

दोन पाट्या मात्र या सगळ्यांहून वेगळ्या आहेत. एक आहे आठ कोनांची, ‘थांबा’ सांगणारी. दुसरी उलटा त्रिकोण, म्हणजे टोक खाली असलेला. तिचा अर्थ ‘समोरच्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्या’. या दोघींना वेगळे आकार का दिले असतील? आपल्या खान्देशातली उन्हाळ्यातली धूळ आठवा. पाटीवर धुळीचा थर बसला, अक्षर पुसट झाले, तरी नुसत्या आकारावरून ओळख पटते.

रेघांची बाराखडी

आता नजर खाली घ्या. रस्त्याच्या मधोमध पांढरी तुटक रेघ असेल तर समोरचा रस्ता मोकळा पाहून, गरज पडल्यास ती ओलांडता येते. रेघ अखंड असेल तर ती भिंत समजायची. वळणावर, चढावर, पुलावर अशी अखंड रेघ मुद्दाम ओढतात, कारण समोरून येणारी गाडी तिथे दिसत नाही. कधी एक अखंड आणि एक तुटक अशा दोन रेघा शेजारी-शेजारी असतात. तेव्हा आपल्या बाजूची रेघ कोणती ते पाहायचे. आपल्याकडे तुटक असेल तर परवानगी, अखंड असेल तर मनाई.

ही मधली रेघ प्रथम ओढली गेली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, १९११ साली. एडवर्ड हाइन्स नावाच्या रस्ते अधिकाऱ्याची ती कल्पना. गळणाऱ्या दुधाच्या गाडीने रस्त्यावर ओढलेली पांढरी धार पाहून त्यांना ती सुचली, असे सांगतात.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे झेब्रा क्रॉसिंग इंग्लंडमधले. स्लाव नावाच्या गावात १९५१ साली ते पहिल्यांदा आखले गेले. या पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. पट्ट्यांच्या अलीकडे एक जाड आडवी रेघ असते. ती थांबण्याची रेघ. सिग्नल लाल असताना गाडीचे पुढचे चाक या रेघेच्या अलीकडेच राहायला हवे. आपल्याकडे किती गाड्या तिथे थांबतात, ते चौकात उभे राहून तुम्हीच मोजा!

तीन दिवे

भुसावळच्या मुलांना सिग्नल काही नवा नाही. रेल्वेचे एवढे मोठे जंक्शनच त्यांच्या गावात! आणि खरी गोष्ट अशी की रस्त्यावरचा सिग्नल आला तोच मुळी रेल्वेतून. लंडनमध्ये पार्लमेंटजवळ १० डिसेंबर १८६८ रोजी पहिला दिव्याचा सिग्नल उभा राहिला. तो उभारणारे जे. पी. नाइट हे रेल्वेचे सिग्नल अभियंता होते. दिवे होते गॅसचे, लाल आणि हिरवा. महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला, दिवे फिरवणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग तिथेच थांबला. विजेचा सिग्नल १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात लागला. पिवळा दिवा घालून चारही दिशांना दिसणारा सिग्नल १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी तयार केला.

या पिवळ्या दिव्याचीच सगळ्यात जास्त चेष्टा होते. पुष्कळांना वाटते, पिवळा म्हणजे ‘पळा!’ छे! पिवळा म्हणजे ‘रेघेच्या अलीकडे थांबा’. अगदी रेघेशी आलात आणि एकदम ब्रेक मारणे धोक्याचे असेल, तरच पुढे जायचे. लाल दिवा उघडझाप करत असेल तर आधी पूर्ण थांबा, दोन्हीकडे पाहा, मग निघा. पिवळा उघडझाप करत असेल तर वेग कमी करून जपून जा.

थोडे गणित

पाटीवर ४० का लिहितात, ७० का नाही? चला, वहीत गणित मांडू.

एक गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर अचानक एक मूल आले. डोळ्यांनी पाहिले, मेंदूला कळले, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो असे धरू. तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे गेली! आता ब्रेक लागला. दर सेकंदाला वेग ५ मीटरने कमी होतो असे धरले, तर थांबायला २ सेकंद लागतील. या काळात सरासरी वेग ५ मीटर, म्हणजे आणखी १० मीटर. एकूण २० मीटर.

आता वेग दुप्पट करू. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. पहिल्या सेकंदात २० मीटर गेले. थांबायला ४ सेकंद, सरासरी वेग १० मीटर, म्हणजे आणखी ४० मीटर. एकूण झाले ६० मीटर!

वेग दुप्पट, पण थांबायचे अंतर तिप्पट. आणि नुसत्या ब्रेकचे अंतर पाहिले तर ते चौपट. ते मूल ३० मीटरवर असेल, तर पहिली गाडी त्याच्या १० मीटर अलीकडे थांबेल. आणि दुसरी? उत्तर तुम्हीच काढा. पाटीवरचा ४० चा आकडा कुणी उगाच लिहिलेला नसतो, हे मग पटेल.

जळगावहून धुळ्याला

आता एक सफर करू. जळगावहून निघालो. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला, मग पाळधी, एरंडोल, पारोळा असे करत धुळे. अंतर सुमारे ९० किलोमीटर. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. तुमचे आजोबा मात्र त्याला अजून ‘सहा नंबरचा हायवे’ म्हणत असतील. त्यांचेही बरोबरच आहे. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, त्यात ६ चा ५३ झाला.

या क्रमांकांतही एक युक्ती दडली आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या महामार्गांना विषम संख्या आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम संख्या. सुरतेकडून धुळे, जळगाव, नागपूरकडे जाणारा रस्ता आडवा, म्हणून ५३. इंदूर, शिरपूर, धुळे, चाळीसगाव, सोलापूर असा जाणारा उभा, म्हणून ५२. हे दोन्ही धुळ्यात भेटतात! शिवाय नाशिक-पुण्याकडे जाणारा ६० क्रमांकाचा महामार्गही धुळ्याहूनच निघतो. महामार्गाचा क्रमांक तीन अंकी असेल तर तो फाटा समजायचा. अंतराच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

धुळ्याहून चाळीसगावमार्गे पुढे गेलात तर कन्नडचा घाट लागतो. तिथे त्रिकोणी पाट्यांची रांगच दिसते. नागमोडी वळण, तीव्र उतार, दरड कोसळण्याची जागा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्या गाडीने वाट द्यायची असते. का? भरलेला केळीचा ट्रक चढावर एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलणे फार अवघड असते म्हणून.

आणि शहरात? जळगावात हा महामार्ग वर्षानुवर्षे वस्तीच्या मधून वाहत आला. अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक ही नावे तुम्हाला पाठ असतील. एकीकडे घर, दुसरीकडे शाळा आणि मध्ये लांबच्या पल्ल्याचे ट्रक! ट्रकवाल्याच्या लेखी तो महामार्ग असतो आणि तुमच्या लेखी तो शाळेचा रस्ता. अशा ठिकाणी दोघांनाही एकच भाषा कळली तरच निभाव लागतो.

आता आई-बाबांसाठी

पालकहो, हा भाग तुमच्यासाठी. “क्लास लांब आहे, रिक्षा मिळत नाही, म्हणून देतो गाडी,” असे आपण सहज म्हणतो. अडचण खरी आहे. पण कायदा काय म्हणतो? पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा परवाना पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी मिळतो. आपल्या घरातली स्कूटर बहुधा १०० सीसीच्या वरची असते, आणि तिला वयाची १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही.

दंडाचे सोडा. वरचे गणित पुन्हा एकदा वाचा. ते ३० मीटर दंडाच्या पावतीने भरून येत नाहीत.

मुलांनो, अठरा वर्षे झाली की शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत तुम्हाला याच पाट्यांवर प्रश्न येणार आहेत. परवाना मिळाला की गाडीवर पांढऱ्या पाटीवरचे लाल ‘एल’ अक्षर लावायचे आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा द्यायची. तोवर हात रिकामे असले तरी डोळे रिकामे नाहीत ना?

या रविवारी एवढे करा

घरापासून शाळेपर्यंत मोठ्यांना घेऊन चालत जा. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. वहीत तीन रकाने आखा आणि गोल, त्रिकोणी, चौकोनी पाट्यांची चित्रे त्यात काढा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसट झालेत का, पाटी झाडाआड गेली आहे का, सिग्नलच्या खांबावर कुणाच्या वाढदिवसाचा फलक बांधलाय का, तेही टिपून ठेवा. मग वर्गातर्फे महानगरपालिकेला किंवा नगरपालिकेला पत्र लिहा. महामार्गाची तक्रार असेल तर बाबांना १०३३ या क्रमांकावर फोन करायला सांगा.

आणि पुढच्या वेळी आई-बाबांच्या मागे गाडीवर बसाल, तेव्हा हेल्मेट घालून बसा आणि प्रत्येक पाटी मोठ्याने वाचा. बाबा थांबण्याच्या रेघेच्या पुढे गेले, तर हळूच खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, “बाबा, चाक मागे घ्या ना!”